सांडव्याखालची पिवळी घरं

कल्पना करा, तुमच्या हातात एक लाकडी पाटी आहे. पाटीला चिमट्यानं लावलेला एका गावाचा नकाशा, आणि पिशवीत रंगीत पेन्सिली. काम तसं सोपं. गल्लीत शिरायचं, एकेका घरासमोर थांबायचं, तिथं काय चालतं ते बघायचं आणि नकाशावरच्या त्या तुकड्यात रंग भरायचा. माणसं राहत असतील तर पिवळा. शाळा, दवाखाना असेल तर लाल. शेताला हिरवा, पाण्याला निळा, आणि जिथं काहीच होत नाही त्या पडीक जमिनीला तपकिरी. आता कल्पना करा, की त्या गल्लीतल्या चाळीस घरांपैकी एक घर तुमचं आहे. दारात तुमचा बाप उभा आहे. आणि तुम्ही कुठली पेन्सिल उचलता यावर ते घर कागदावर घर म्हणून राहणार की नाही, ते ठरणार आहे.

उचला पेन्सिल.

रश्मी शहारे हेच काम करत होती, एप्रिलच्या उन्हात, स्वतःच्या गावात. वय चोवीस. विद्यापीठात नगर आणि प्रादेशिक नियोजनाच्या पदव्युत्तर वर्गात शिकणारी. वर्गात पहिल्या दिवशी तिनं गाव सांगितलं तेव्हा शेजारच्या मुलीनं विचारलं होतं, "गोंदिया? ते छत्तीसगडात ना?" रश्मी म्हणाली होती, "अजून तरी नाही." त्यानंतर दोन वर्षं त्या मुलीनं तिला 'छत्तीसगड' याच नावानं हाक मारली. रश्मी ते कधी विसरली नाही आणि तिनं ते कधी बोलूनही दाखवलं नाही.

तिचं गाव हिरडापार. कामठ्यापासून फार लांब नाही. बिरसीच्या विमानतळावरच्या शाळेत विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर गावावरून घिरट्या घालत असतात, त्यामुळे हिरडापारची माणसं बोलता बोलता मध्येच थांबतात आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढं बोलतात. गाव उंचवट्यावर आहे. गावाला लागून जुना तलाव. तलावाच्या मातीच्या पाळीच्या पूर्वेच्या टोकाला, खाली, पंचशील टोला. चाळीस घरं, सगळी बौद्धांची. त्यातलं सातवं घर शालिकराम शहारेचं. शालिकराम गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती वाहतो. त्याची बायको पार्वताबाई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते. त्यांची ही एकुलती पोरगी, आधी सिव्हिल इंजिनिअर झाली आणि मग आणखी शिकायला गेली. "आता आनखी का शिकते, पूल तर बांधता येतेच ना तुले?" असं शालिकरामनं विचारलं होतं.

"पूल कुठं बांधायचा ते शिकतो, बाबा."

दोन वर्षांपूर्वी गावावरून ड्रोन उडालं. गावठाणातल्या प्रत्येक घराची मोजणी झाली आणि वरच्या गावाला मालकीचे कागद मिळाले. टोला गावठाणाच्या रेषेच्या दोनशे पावलं बाहेर पडला. त्याला कागद मिळाला नाही. जागेचा कागद नाही म्हणून घरकुल नाही, आणि घरकुल नाही म्हणून चाळीस घरांच्या भिंती अजून मातीच्या. ग्रामसेवक एकदा सहज बोलून गेला, "विद्यापीठाचा रीतसर नकाशा जोडता आला, तर गावठाण वाढवायचा ठराव वर पाठवता येईल." वर्गाला एक गाव निवडून त्याचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचा होता. रश्मीनं हिरडापार निवडलं. तिला वाटलं, आपल्याच गावात काम सोपं जाईल.

पहिल्याच दिवशी अनुसयाबाईनं तिला अडवलं. अनुसयाबाई टोल्यातलं पहिलं घर.

"का वो रश्मी, जनगणना करून रायली का?"

"नाही मावशी. भूवापर. कोनत्या जागेवर का आहे ते लिहाचं."

"तुले माहीत नाही का? वीस वर्सं याच गल्लीत नाक पुसत फिरली ना तू."

"लिहाच लागते, मावशी. संडास आहे?"

"आहे ना. त्यात गोवऱ्या ठेवतो. लिव्ह."

गल्ली हसली. कोणीतरी विचारलं, आमाले कोनता रंग? रश्मी म्हणाली, पिवळा. अनुसयाबाईनं नाक मुरडलं. "पिवळा हळदीचा. आमाले निळा दे वो. आपला हाये तो."

"निळा पाण्याचा असते, मावशी."

"मग नको बाप्पा! पानी तसंबी घरात येते दरसाल. आनखी कागदावर कायले?"

पुन्हा हसणं झालं. त्यात रश्मी नव्हती. चाळीसही घरांत तिनं मग एकच प्रश्न विचारला, आणि चाळीसही घरांतून एकच उत्तर आलं. येते. गुडघ्याएवढं. कधी मांडीएवढं. पोती आढ्याला बांधतो, लेकरं बाजेवर बसवतो, दोन दिवसांत जाते. तिच्या स्वतःच्या घरातही यायचं. बाजेवर बसून तिनं चौथीच्या कविता पाठ केल्या होत्या. ते पाणी येतं कुठून, हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

वरच्या गावात कोणी हसलं नाही. उपसरपंच नंदलाल कापगते चौकातच उभा होता. तलाव त्याच्या पूर्वजांनी बांधला. सरकारजमा होऊन सत्तर वर्षं होत आली, तरी गावात त्याला अजून कापगत्यांचाच तलाव म्हणतात. नंदलालनं तिच्या हातातली पाटी काढून घेतली आणि उलटीसुलटी करून बघितली.

"कोनाची परमिशन?"

"विद्यापीठाचं पत्र आहे. पंचायतीत दिलं आहे."

"देखो मॅडम," नंदलाल म्हणाला. त्यानं 'मॅडम' हा शब्द असा म्हटला, की दोन माणसं खाली बघून हसली. "नकाशावाले आले का मागून मोजनीवाले येते. मोजनीवाले आले का जमीन जाते." त्यानं वर बोट दाखवलं. आवाज करत एक विमान चाललं होतं. ते जाईपर्यंत तो थांबला. "त्याइच्या धावपट्टीखाली कोनाच्या धानाच्या बांध्या होत्या, माहीत हाय तुले?"

"मी जमीन घ्यायला नाही आली. माझंही गाव आहे हे."

"तुझं गाव खाली हाय. हे वरचं."

ओसरीवर त्याचा बाप बसला होता, पुनाराम. ब्याऐंशी वर्षांचा. तलावाचं पाणी कोणाच्या शेताला किती वेळ सोडायचं, ते आजही तोच सांगतो. त्यानं रश्मीकडं न बघता विचारलं, "शालिकची का? पाळीवर नको चढू. पाळ खचते."

त्या वेळी पाळीवर सहा म्हशी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रश्मी पाळीवर चढली. जुन्या कॉलेजातून लेव्हल मोजायचं यंत्र आणि तिपाई तिनं उसनी आणली होती. उंच मोजकाठी धरायला शालिकराम आला. मिलमधून त्यानं खाडा केला होता आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"सरळ धर, बाबा."

"क्विंटलाचं पोतं पाठीवर सरळ धरतो मी. काठी धराले तू शिकवते का?"

पाळीच्या पूर्व टोकाला सांडवा होता, म्हणजे तलाव भरला की जादा पाणी जिथून बाहेर पडतं ती दगडी जागा. तिची उंची रश्मीनं शंभर मीटर धरली आणि तिथून खाली मोजत निघाली. नाला म्हणून जी घळ सांडव्यापासून सुरू होत होती, ती शंभर पावलांवर टोल्याच्या गल्लीत येऊन संपत होती. संपत होती म्हणजे गल्लीच झाली होती. शेवटी शालिकरामनं काठी स्वतःच्या उंबऱ्यावर ठेवली आणि छाती काढून उभा राहिला. रश्मीनं भिंगातून आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"किती?"

"अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा."

"शंभरातून?" शालिकराम खूश झाला. "चांगले मार्क पडले आपल्या घराले."

रश्मी वहीत लिहीत राहिली. सांडव्यापेक्षा उंबरा जवळजवळ दीड मीटर खाली, आणि बरोबर पाण्याच्या वाटेत. सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही.

सांगितलं ते मार्गदर्शक मॅडमना, फोनवर. मॅडमनी आकडे बघितले आणि त्यांना फार वेळ लागला नाही.

"वस्ती सांडव्याच्या प्रवाहात आहे. निव्वळ पिवळा लावता येणार नाही. वरून निळ्या रेघा मार आणि पुनर्वसन दाखव."

"मॅडम, चाळीस घरं आहेत."

"तुझं घर आहे म्हणून बोलतेस?"

"हो."

"मग दुसरं गाव घ्यायचं होतंस. मायेसाठी आपल्याकडं रंग नाही, रश्मी."

रश्मीला राग आला. मॅडमचं खरं होतं याचा जास्त आला. पाण्याच्या वाटेतल्या घरांना गावठाणाचा कागद मिळवून द्यायचा, म्हणजे त्यांना तिथंच कायमचं बांधून ठेवायचं. पक्की घरं उठतील आणि त्यांच्यात पाणी शिरतच राहील. चार दिवस ती चादरीएवढ्या कागदापुढं बसली. टोल्याच्या घरांना तिनं पिवळा दिला, त्यावरून निळ्या तिरप्या रेघा ओढल्या. मग उंच जागा शोधली. गावाला लागून एकच होती, आखर. सकाळी गावची गुरं जिथं गोळा होतात ते मोकळं मैदान, कापगत्यांच्या घरासमोरच. तिथं तिनं चाळीस नवे चौकोन काढले. उरलेला नकाशा घाईत पुरा केला. तलावाच्या पाळीवर पुन्हा जाण्याची तिची इच्छा नव्हती आणि पाळीवरून तलावाचं सगळं पोट दिसतही नव्हतं. वळणाआडचा भाग तिनं मागच्या मेच्या उपग्रह चित्रावरून भरला. कोरडा, भुरकट. तिनं तपकिरी पेन्सिल उचलली.

शालिकरामनं कागद बघितला तो ग्रामसभेच्या आदल्या दुपारी. त्याला वाचायला वेळ लागतो, पण रंग लगेच कळले.

"आपल्यावर हे निळं का आहे?"

तिनं सांगितलं. उंबरा, सांडवा, दीड मीटर, आखर. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा आवळत गेला.

"आमाले उठवाले शिकाले गेली होती का तू?"

"पानी शिरते ना बाबा घरात. आपन मोजलं. तूच काठी धरली होती."

"मले का माहीत मी का धरून रायलो ते!" तो ओरडला. तिच्यावर तो आयुष्यात दोनदाच ओरडला होता. "आमी इथं पान्यात येऊन नाही बसलो. माझा बाप सांगे, घरं पयले होती. पानी मागून आलं."

"पाणी मागून कसं येईल, बाबा? तलाव तर दोनशे वर्षांचा आहे."

शालिकरामनं कागद गुंडाळून तिच्या हातात दिला. रात्री तो जेवला नाही.

एक मेला शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. झेंडा झाला, पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या गेल्या, आणि रश्मीनं भिंतीवर नकाशा लावला. वरचं गाव डावीकडं सतरंजीवर, टोला उजवीकडं पायऱ्यांवर. ती दहा मिनिटं बोलली. आखराचं नाव निघेपर्यंत कोणी चुळबुळ केली नाही.

"मग गाई कुठं उभ्या राहतीन?" डावीकडून पहिला प्रश्न आला.

"गाईंसाठी नाल्यापलीकडची जागा दाखवली आहे."

"गाईले तिथं करमनार नाही."

"गाईले का तुले?" टोल्यातून कोणीतरी म्हणालं. पायऱ्यांवर हशा झाला, सतरंजी चिडली. एक जण उभा राहिला. "आमच्या दारासमोर हे लोक येतीन तर आमच्या घरच्या पोरीबाळी..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. पुरं करायची गरजच नव्हती.

आता टोला भांडेल, असं रश्मीला वाटलं. अनुसयाबाई उठली. पण ती वळली रश्मीकडं.

"तुले कोनी सांगितलं का आमी तिथं जाऊ म्हनून? रोज उठून याइची तोंडं पाहाले? आमाले कागद पाहिजे होता, वो. जिथं हावो तिथला. तू तर आमचं घरच पुसून रायली."

"मावशी, पुसत नाही. वर नेत आहे."

"आमाले इचारून?"

संडास आहे का, हे तिनं विचारलं होतं. आखरावर याल का, हे विचारलं नव्हतं. सतरंजीवरून कोणीतरी "बरोबर बोलून रायली बाई" असं म्हणालं, आणि हिरडापारचं वरचं गाव आणि खालचा टोला एका बाजूला झाले. रश्मीच्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

मग पुनाराम उठला. काठी टेकत नकाशापर्यंत आला. टोला, आखर कशाकडंच न बघता त्यानं काठीचं टोक तलावावर ठेवलं.

"हा रंग कायचा?"

"पडीक जमीन," रश्मी म्हणाली.

"पडीक!" म्हातारा सभेकडं वळला. "गाळ उघडा पडला का मी तिथं लाखोरी टाकतो, हरभरा टाकतो. पन्नास वर्सं झाली. अन् हे म्हनते पडीक." मग रश्मीला, "तुझी माय येते ना तिथं उपटाले. तिले तरी इचाराचं."

व्हरांडा हसला. या वेळी दोन्ही बाजूंनी. पार्वताबाई पायऱ्यांवर पदर तोंडाला लावून बसली होती.

"जिले तलावाचं पोट माहीत नाही," पुनाराम म्हणाला, "ते पानी कुठं जावं सांगून रायली."

"तो रंग चुकला," रश्मी म्हणाली. तिचे कान तापले होते. "माझी चूक आहे. पण लेव्हल चुकली नाही. सांडव्याचं पाणी सरळ टोल्यात जातं. तुमच्यापैकी कोणीही येऊन मोजा."

"सांडवा, सांडवा! तुह्या बापाच्या पयलेचा हाय तो सांडवा. माझ्या आज्यानं पश्चिमेचा बुजवून इकडं आनला, तवा इथं..."

तो थांबला. वरून विमान जात नव्हतं. तरी तो थांबला.

"तवा इथं का होतं, आजोबा?"

पुनारामनं तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तोंड उघडं होतं. नंदलाल घाईनं पुढं आला आणि त्यानं बापाचा दंड धरला. "चला बाबा. ऊन झालं." मग सभेला, "ठराव घ्या. नकाशात तलावाची पिकती जमीन पडीक दाखवली, नकाशा सदोष हाय, विचारात घेता येत नाही. हात वर करा."

सतरंजीवरचे हात वर गेले. पायऱ्यांवरचेही गेले. शालिकरामचा हात सगळ्यांत शेवटी गेला. पण गेला.

त्या ठरावाबरोबर गावठाण वाढवायचा विषयही बुडाला, कारण त्याला जोडायला दुसरा नकाशाच नव्हता. टोल्याला हे संध्याकाळी कळलं, आणि तेव्हा त्याचाही दोष रश्मीलाच लागला. अनुसयाबाईनं तिच्याकडं पाठ करून अंगण झाडलं. घरी पार्वताबाई चुलीपुढं बसून एवढंच म्हणाली, "मले इचारलं असतं तर सांगितलं असतं ना. दरसाल जातो मी तिथं. तू वरून फोटो काढनाऱ्याले इचारलं."

रश्मी विद्यापीठात परत गेली, पण थेट नाही. वाटेत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात तिनं अर्ज केला आणि शंभर वर्षांपूर्वीचा गावनकाशा मागितला. तिसऱ्या खेपेला तो मिळाला. पिवळा पडलेला कागद, बारीक काळी रेघ. तलाव तिथं होता, पाळ होती. आणि सांडवा पश्चिमेला होता. तिथून निघालेला नाला आज जिथं कापगत्यांची सगळ्यांत चांगली धानाची बांधी आहे, तिच्या मधोमध जात होता. म्हातारा खोटं बोलला नव्हता. पाणी मागून येऊ शकतं.

आणि पूर्वेला, जिथं टोला आहे तिथं, कागद कोरा होता. रश्मी त्या कोऱ्या जागेकडं बघत राहिली. वर्गात तिला शिकवलं होतं, कोरी जागा म्हणजे तिथं काही नाही. पण ड्रोनच्या नकाशातही टोला कोराच होता, आणि त्या कोऱ्या जागेत ती जन्मली होती. शंभर वर्षांपूर्वीचा मोजणीदार इथं आला तेव्हा झोपड्या नव्हत्या, की होत्या आणि त्या काढायच्या लायकीच्या त्याला वाटल्या नाहीत?

परीक्षकांनी तिला शंभरपैकी एकसष्ट दिले. 'तलावक्षेत्राच्या वर्गीकरणात गंभीर चूक', असा शेरा. ती भांडली नाही. तो तपकिरी रंग चुकला होताच. पण पाणी मागून आलं असेल, तर निळ्या रेघाही चुकल्या होत्या, आणि त्या कोणी दाखवून दिल्या नव्हत्या. घरं आधीची असतील, तर हलायचं घरांनी नाही, सांडव्यानं. मग तिला आखरावरचे चाळीस चौकोन खोडून कापगत्यांच्या बांधीतून एक निळी रेघ ओढावी लागेल, आणि तो नकाशा घेऊन पुन्हा त्याच व्हरांड्यात उभं राहावं लागेल.

म्हणून आता ती सुट्टीत घरी आली की आधी वरच्या गावात जाते. नंदलालची बायको तिला बघून ओसरीचं दार लोटून घेते. पुनाराम बाजेवर असतो. तो तोंड भिंतीकडं करतो आणि झोपेचं सोंग घेतो. मोटारसायकलवरून आलेला नंदलाल म्हणतो, "आली का छोकरी पुन्हा? बाबा बिमार हाय, जा." ती जात नाही. पायरीखाली उभी राहते, म्हाताऱ्याच्या पाठीकडं बघत, आणि प्रत्येक वेळी तेच विचारते.

"आजोबा, तुमच्या आज्यानं सांडवा इकडं आणला, तवा इथं का होतं?"